दाराशी वाजणारी पट्टी

पट्टीमामा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पेलाभर पाणी मागायचे, आणि ते पिण्यासाठी नसायचं. पिशवीतून जमिनीवर अंथरायच्या विनाइलच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या, दोन पट्ट्या काढायच्या, एकीची कड दुसरीच्या खाचेत टक्कन बसवायची, जोडी जमिनीवर ठेवायची आणि घरच्या बाईच्या देखत पाणी वरून ओतून द्यायचं. बाई "अहो, अहो" करत फडकं आणायला धावायची. मामा मांडी घालून निवांत बसलेले असायचे.

"धावू नका बाई. चहा टाका सावकाश. चहा होईपर्यंत पाणी असंच राहू दे."

चहा पिऊन झाला की खिशातल्या रुमालानं पाणी टिपायचं आणि पट्ट्या उलट्या करून दाखवायच्या. कुठं फुगलेली नाही, कुठं वाकलेली नाही. वरून बघाल तर खरंखुरं लाकूड, गाठी आणि रेषांसकट. हात फिरवला की लाकडाचाच खरखरीतपणा. आणि घरात काही फोडायचं नाही, जुनी जमीन आहे तशीच ठेवून तिच्यावरच हे सगळं बसवायचं.

मामा मूळचे फरशी बसवणारे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या घरातल्या जुन्या फरश्या फोडण्यात घालवली. त्या धुळीनं केस कायम पांढरे दिसायचे, त्यामुळे खरोखरच पांढरे कधी झाले ते कुणाला कळलंच नाही. फरश्या उचलून उचलून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा नेमक्या या पट्ट्या बाजारात आल्या. वजनाला हलक्या, सुरीनं रेघ मारून वाकवलं की तुटणाऱ्या. देवानं आपल्या गुडघ्यांकडे बघूनच ही वस्तू पाठवली, असं मामांचं ठाम मत होतं, आणि म्हणून कुठल्याही घरातली पहिली पट्टी ते डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन बसवायचे.

पण खोटं बोलायचे नाहीत. फायदे सांगून झाले की तोटेही तितक्याच प्रेमानं सांगायचे. "तापलेलं पातेलं थेट खाली ठेवाल तर डाग पडेल. कपाट फरफटत न्याल तर ओरखडा येईल. कडक ऊन रोज एकाच जागी पडत असेल तर पडदा लावा. आणि पट्ट्या घरात आणल्या आणल्या मी बसवणार नाही. दोन दिवस त्या खोलीत नुसत्या पडून राहतील. त्यांना तुमच्या घराची सवय होऊ द्यायची. नव्या सुनेला आल्या दिवशी कामाला जुंपतं का कुणी?"

"आमच्या सासूबाईंनी जुंपलं होतं," एखादी बाई म्हणायची, आणि काम मामांनाच मिळायचं.

आता असा हा माणूस. गावभर लोकांच्या खोल्या मऊ, उबदार, गुळगुळीत करून यायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या घरात शिरायचा तो एका डुगडुगत्या फरशीवरून. दार उघडलं की पहिलं पाऊल तिच्यावरच पडायचं आणि ती "खट्ट" करायची. घर हळूहळू, जमेल तसं वाढवलेलं. बाहेरच्या खोलीत चौकोनी फरश्या, मधल्या बोळात नुसतं ओबडधोबड सिमेंट, स्वयंपाकघरात गार दगडी लाद्या. मामांना मनातून फार लाज वाटायची. एखादं गिऱ्हाईक घरी आलं तर ते त्याला अंगणातच खुर्ची द्यायचे.

त्या खुर्च्या मात्र बघण्यासारख्या. त्यांच्या वेताच्या बैठका मामींनी विणलेल्या. मामींना दिसत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी दृष्टी मंदावत गेली आणि लेक शाळेत जायला लागली तोवर पूर्ण गेली. त्यांनी रडून घेतलं, देवाशी कडाक्याचं भांडून घेतलं, मग त्याच्याशी पुन्हा बोलायला लागल्या आणि एका जुन्या कारागिराकडे जाऊन खुर्च्या विणायला शिकल्या. बादलीत वेत भिजत घालायचा, ओला वेत चौकटीच्या भोकांतून ओवायचा, लाकडी खुंट्या ठोकून ताणून धरायचा. बोटं अशी चालायची की शेजारच्या नर्सबाई म्हणायच्या, "मामी, तुमच्या बोटांना चष्मा लावलाय का?"

आणि घरात मामी कशा वावरायच्या! भिंतीला हात लावायच्या नाहीत. हातात चहाचा कप घेऊन तरातरा स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या. नवा पाहुणा असेल तर त्याला बराच वेळ कळायचंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी मात्र त्या बादलीतल्या सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या. मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला, खुर्च्या तशाच अर्धवट पडून राहिल्या. मामांनी त्या दिवशी त्या ओल्या, चकचकीत फरशीकडे असं बघितलं, जसं कुणी घरात शिरलेल्या चोराकडे बघावं. मनात म्हणाले, आता तुझे दिवस भरले.

हात बरा झाल्यावर लेकीनं आईला आपल्या गावी बोलावलं. मामांनी हळूच लेकीला फोन केला. "आठवडाभर ठेवून घे तिला. मी घराची जमीन करून टाकतो."

"आईला सांगितलंत?"

"सांगितलं तर आनंद काय राहिला?"

"बाबा, आईला विचारा तरी."

"अगं, विचारलं की ती नको म्हणणार. तिला नवीन काही नकोच असतं."

मामांचं चुकलं ते इथं. पण तेव्हा त्यांना ते कुणी पटवून देऊ शकलं नसतं. स्वतःच्या घरासाठी त्यांनी जीव ओतून काम केलं. दुकानातली सगळ्यात चांगली पट्टी आणली, मधासारख्या रंगाची. दोन दिवस तिला घराची सवय होऊ दिली. डुगडुगती फरशी सिमेंट भरून घट्ट बसवली, बोळातले खड्डे बुजवले, सगळी जमीन पाण्यासारखी सपाट केली. भिंतीपाशी पेन्सिलीच्या जाडीएवढी फट ठेवली, कारण उन्हाळ्यात पट्टीलाही हातपाय पसरायला जागा लागते. आणि पट्ट्या अंथरल्या त्या अगदी नियमाप्रमाणे, सगळ्या घरात एकाच दिशेनं, खिडकीतल्या उजेडाकडे जाणाऱ्या. बाहेरच्या दारात उभं राहिलं तर नजर थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत जायची, मध्ये कुठं जोड नाही, कुठं उंबरा नाही.

नर्सबाई बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. "मामा, महाल झाला हो! मामी आल्या की नाचतील."

मामी आल्या. लेक त्यांना बसनं घेऊन आली आणि लगेच उलट बसनं परत जायचं म्हणून दारातूनच निघून गेली. मामींनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि थांबल्या. मामा श्वास रोखून उभे.

"अहो, दारात काय अंथरलंय? गालिचा?"

"गालिचा नाही. चाल तू. चालून तर बघ."

मामी चालल्या. चार पावलं नेहमीसारखी तरातरा. मग पावलं बारीक झाली. पायाचा अंगठा पुढं करून त्यांनी चाचपलं. मग हात पुढं केला आणि स्वयंपाकघर समजून बाथरूमचं दार उघडलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "उबदार आहे."

आता मामी अशा की मामांनी सोन्याचा डोंगर उचलून आणला असता तरी त्या म्हणाल्या असत्या, "दारात ठेवू नका, अडखळायला होतं." टोमणा न मारता त्यांनी नुसतं "छान" म्हटलं, तेव्हाच मामांच्या मनात पाल चुकचुकली.

पुढचे दिवस विचित्र गेले. मामी भिंतीला हात लावून चालायला लागल्या. पूर्वी खुंटी पडली की ती कुठं टिचकी मारून कुठं घरंगळत गेली ते आवाजावरून कळायचं आणि मामी नेमका तिथं हात घालायच्या. आता खुंटी पडायची ती "धप" अशी, उशीवर पडल्यासारखी, आणि मामी गुडघ्यांवर बसून सगळीकडे हात फिरवत राहायच्या. मामा मागून आलेले त्यांना कळायचंच नाही. एकदा ते नुसते शेजारी जाऊन उभे राहिले आणि "अगं" म्हणाले, तर मामींच्या हातातून पाण्याचं भांडं उडालं.

"मांजरासारखे काय येता! खोकत तरी या!"

तेव्हापासून मामा घरात खोकत फिरायला लागले. बाहेरच्या खोलीत खॉक, बोळात खॉक, स्वयंपाकघरात खॉक खॉक.

एका दुपारी ते बाहेरून आले तेव्हा मामी फोनवर लेकीशी बोलत होत्या. मामा खोकायचं विसरले.

"तुझ्याकडे होते तेव्हा तू हात धरून नेत होतीस, मला काही वाटलं नाही गं. ते तुझं घर. पण माझ्या घरात कुणीतरी हाताला धरून मला बाथरूमपर्यंत न्यायचं, हे मला नाही जमायचं. त्यापेक्षा अनोळखी घरात राहिलेलं बरं. ...नाही, त्यांना काही बोलू नकोस. किती हौसेनं केलंय. तू रविवारी ये. तुझ्याबरोबर येते मी, राहू दे काही महिने."

मामा तसेच मागं फिरले, पडवीतून पटाशी घेऊन आले आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीची कड, ते स्कर्टिंग, उचकटायला लागले. करकर आवाज झाला तशा मामी भिंत धरून बाहेर आल्या.

"काय चाललंय?"

"काढून टाकतो सगळं. जुनं होतं तेच बरं होतं."

"हात लावू नका!" मामी एवढ्या जोरात म्हणाल्या की पटाशी मामांच्या हातातच राहिली. "काल बादली लवंडली माझ्या हातून. पाय घसरला का? नाही घसरला. सकाळी उठल्यावर पोटऱ्या आखडतात का? नाही आखडत. जमीन चांगली आहे. मीच तिच्यात हरवलेय."

"हरवलीस म्हणजे?"

मामींनी खांद्यावरचा नॅपकिन काढला. "या इकडे. वाका." आणि तो मामांच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. "आता जा स्वयंपाकघरात आणि मला पेलाभर पाणी आणून द्या. महाल तुमचाच आहे ना? भिंतीला हात लावायचा नाही."

मामा निघाले. आपलं घर, आपणच बसवलेली पट्टी न् पट्टी. त्यात काय! बोळात शिरलोसं वाटलं तेव्हा ते खुर्चीला धडकले. स्वयंपाकघरात आलोसं वाटलं तेव्हा ते बोळातच होते. पायाखाली सगळीकडे तेच, मऊ, मुकं, सारखं. शेवटी त्यांचा हात एका थंड वस्तूला लागला आणि ते विजयानं ओरडले, "हा बघ माठ!"

"मामा, तो माझा हात आहे," नर्सबाई म्हणाल्या. त्या खोकल्याचं औषध घेऊन मागच्या दारानं आल्या होत्या. "चार दिवस ऐकतेय तुमचा खोकला, म्हटलं बघावं. पण हे डोळ्यांवर काय? आंधळी कोशिंबीर खेळताय का दोघं या वयात?"

बाहेर मामी इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. परत आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या. मामांनी नॅपकिन सोडला नाही. तसेच तिथं जमिनीवर बसले.

"गार लागलं की स्वयंपाकघर," मामी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "खरखरीत लागलं की बोळ. फरश्यांच्या फटी लागल्या की बाहेरची खोली. आणि दारात खट्ट झालं की कुणीतरी आलं. तुम्ही आलात की एकदा खट्ट, लेक आली की दोनदा, ती नाचतच येते. तुम्ही तेवढं सगळं पुसून टाकलंत. अहो, त्या पट्ट्यांना घराची सवय व्हायला दोन दिवस देता. मला आधी दोन शब्द तरी सांगायचे!"

नर्सबाईंनी औषधाची बाटली टेबलावर ठेवली आणि "दोघांनी घ्या" म्हणून काढता पाय घेतला.

मामी खुर्चीत बसून अनवाणी पाऊल जमिनीवर पुढं-मागं करत होत्या. मग आडवं. मग पुन्हा पुढं-मागं.

"अहो, ही रेघ कुठून कुठं जाते?"

"कुठली?"

"पायाला लागते ती. असं पाऊल नेलं की काही लागत नाही. असं आडवं नेलं की बारीक रेघा लागतात, एकीपुढं एक."

मामांनी डोळे बांधलेल्या स्थितीतच स्वतःचं पाऊल सरकवलं. खरंच होतं. इतकी वर्षं त्यांनी हे जोड डोळ्यांनी तपासले होते, बोटांनी तपासले होते. पायांना कधी विचारलंच नव्हतं. देवानं डोळे वर बसवले म्हणून पायांना काही कमी समज दिलेली नाही.

"रेघ खिडकीकडे जाते," ते म्हणाले.

"सगळ्या घरात?"

"सगळ्या घरात. नियमच आहे तो. एकच दिशा ठेवली की खोल्या मोठ्या दिसतात."

"कुणाला?"

मामांचा हात डोळ्यांवरच्या नॅपकिनकडे गेला.

"बोळात आडवी घाला," मामी म्हणाल्या. आवाजात जुनी धार आली होती. "म्हणजे बोळातून जाताना पावलोपावली रेघ लागेल. आणि स्वयंपाकघरात वेगळीच काहीतरी घाला. तुमच्याकडे दगडासारखी असते ना, मोठ्या तुकड्यांची?"

"असते. पण तीन खोल्यांत तीन तऱ्हा! अगं, लोक म्हणतील पट्टीमामाच्या घरात उरलेला माल लावलाय."

"लोकांना अंगणात खुर्ची द्या. पूर्वी देतच होतात."

मामांनी नॅपकिन सोडला तेव्हा डोळे पाणावले होते, पण चेहरा हसरा होता. आता या पट्ट्यांचा एक गुण असा, जो मामा गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी सांगायचे. त्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात. नुसत्या एकमेकींचा हात धरून पडलेल्या असतात. कडेपासून सुरुवात केली, जरा तिरकी उचलली, की जशी बसली तशी सुटते. फरश्या असत्या तर घण घ्यावा लागला असता. मामांनी बोळ मोकळा केला तो दुपारच्या चहापर्यंत.

मग मामींनी खुर्ची टाकून मुकादमासारखं काम करून घेतलं. बोळासाठी खोल कोरीव रेषांची पट्टी निवडली ती पाय फिरवून. मामांनी आणलेले नमुने एकेक करून पायाखाली घेतले आणि "हा झोपाळू आहे", "हा बोलतोय बरा" असे शेरे दिले. स्वयंपाकघरात दगडी नमुन्याचे रुंद तुकडे बसले, पायाला जरा दाणेदार. खुर्च्या विणायच्या जागी मामांनी लाकडी फळ्यांचं कडा असलेलं एक बसकं चौरंगासारखं करून दिलं. त्यावर खुंटी पडली की खणकन वाजायची आणि कडेपाशी जाऊन थांबायची.

राहिलं दार.

"खट्ट हवं मला," मामी म्हणाल्या.

इथं मामा खरोखर अडले. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातची पट्टी वाजली नव्हती. पट्टी वाजते म्हणजे खाली पोकळी राहिली, म्हणजे कारागीर कच्चा. दुसऱ्यांनी केलेल्या घरात पायाखाली टक्क झालं की मामा तोंड वाकडं करायचे. आता तेच त्यांना हौसेनं करायचं होतं. पहिल्यांदा त्यांनी दारातली जमीन थोडी खरवडली. पट्टी बसवली, पाय दिला. आवाज नाही. आणखी खरवडली. तरी नाही. हात इतके शहाणे झाले होते की वाईट काम करायला तयारच होईनात.

"जमत नाही का?" मामींनी विचारलं.

"वाईट करायचं म्हणजे काय सोपं आहे का?"

"लग्नानंतर पहिल्यांदा चहा केला होतात तुम्ही. तेव्हा कसं जमलं?"

मामा हसले, हात सैल सोडले, आणि विचार न करता पट्ट्यांखाली अंथरलेला मऊ फोमचा थर तिथं बशीएवढा कापून काढला. पट्टी पुन्हा बसवली. पाय दिला.

टक्क.

मामी खुर्चीतून उठल्या. "पुन्हा!"

टक्क.

"फार दिवस नाही टिकायची ही," मामांनी कारागिराच्या इमानानं सांगितलं. "पाय पडून पडून खाच मोडेल."

"मग?"

"मग काय, तेवढी एक काढून दुसरी घालीन. तोच तर फायदा आहे हिचा."

रविवारी लेक आली ती आईला न्यायला म्हणून, मोठी रिकामी पिशवी घेऊन. दार उघडंच होतं. तिनं आत पाऊल टाकलं.

टक्क. टक्क.

"आलीस का गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि पाठोपाठ मामी, हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप, बोळातून तरातरा, भिंतीला बोटही न लावता. बाहेरच्या खोलीत आल्या, लेकीसमोर थांबल्या आणि कप पुढं केला. एक थेंब सांडला नव्हता. "बस. पिशवी एवढी मोठी कशाला आणलीस? काय नेणार आहेस?"

लेकीनं आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि पिशवीची घडी करून पर्समध्ये कोंबली. "काही नाही. दोन खुर्च्या न्याव्या म्हटलं."

मग खाली बघत, दारातल्या पट्टीवर पाऊल दाबत ती म्हणाली, "बाबा, ही बघा, ही नीट बसली नाहीये. वाजतेय. तुमच्या हातून असं कसं झालं?"

मामांनी पट्टीकडे बघितलं. एवढ्या वर्षांची अब्रू त्या एका पट्टीत अडकलेली. त्यांनी मामींकडे बघितलं. मामींच्या ओठांवर हसू होतं, पण मदतीला त्या काही आल्या नाहीत.

"म्हातारा झालो गं," मामा शेवटी म्हणाले, आणि उगाचच एकदा खोकले.